उठायचं नाही

वॉर्डात तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगानं काडी, डोक्यावर मुठीएवढा घट्ट अंबाडा, आणि जीभ अशी की टोचल्याचं समोरच्याला घरी पोचल्यावर कळायचं. म्हणजे बरोबरीच्यांना टोचायची हं. डॉक्टर समोर आले की हीच टाचणी उशीत खोचल्यासारखी. वर नुसतं गोल डोकं तेवढं दिसायचं, हलणारं. हो सर, आणते सर, झालं सर.

इतकी वर्षं तिनं नोकरी केली असं म्हणण्यापेक्षा उभं राहण्याचं काम केलं असं म्हणणं जास्त खरं. नर्सेसच्या टेबलाशी खुर्च्या असतात, नाही असं नाही. पण तिथे कोंबडी अंड्यांवर बसते तसं बसायचं नसतं, चिमणी तारेवर बसते तसं बसायचं. चाहूल लागली की भुर्र. टाचणीला सगळ्यांचे बूट ओळखू यायचे. हा करकरणारा हाडांच्या डॉक्टरांचा, हा टाच घासत येणारा भुलीवाल्यांचा, हा धडपडणारा कुणातरी नवशिक्याचा. बूट जिन्यावर वाजले की तिचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. ऐकायचं कानांनी, उठायचं गुडघ्यांनी. मध्ये डोक्याला कुणी विचारतच नसे.

अशा बाईनं चाळिशीच्या तोंडावर पुन्हा पुस्तकं उघडली, त्याला कारण होते एक म्हातारबाबा. कोपऱ्यातल्या खाटेवर होते. त्यांचं काहीतरी बिनसतंय हे टाचणीला सकाळी तोंड पुसतानाच दिसलं होतं. ओठांचा रंग, बोटांची चाळवाचाळव. सकाळी डॉक्टर आले, कागद पाहिले, "छान आहे" म्हणाले, पुढच्या खाटेकडे गेले. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. दुपारी म्हातारबाबा गेले. चादर बदलताना तिनं स्वतःची समजूत घातली: आपल्याला हक्कच नव्हता बोलायचा. हक्क मिळाला असता तर बोललो असतो.

मग ती हक्काच्या मागे लागली. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं. म्हणजे काय, हे तिला पुढे इतक्या जणांना सांगावं लागलं की पाठच झालं होतं. रुग्ण आपण तपासायचा, काय झालंय ते आपण ठरवायचं, नेहमीच्या आजारांची औषधं आपल्या सहीनं लिहून द्यायची. डॉक्टर असतातच, अडलं तर विचारायला. पण अडल्यावर. आधी नाही.

नोकरी सोडून ती शिकली, झोपेचं खोबरं केलं आणि चांगल्या गुणांनी पास झाली. आणि मग कळलं की हातात आलेल्या किल्लीचं कुलूप गावात फारसं कुठे बसवलेलंच नाही.

पहिली मुलाखत झाली ती एका चकचकीत इस्पितळात. नोकरभरतीचे साहेब गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत म्हणाले, "मॅडम, मला एक सांगा. तुम्ही नक्की डॉक्टर की नर्स?"

"नर्सच. पण तपासून औषध लिहून देऊ शकते."

"म्हणजे डॉक्टर."

"नाही नाही, डॉक्टर वेगळे."

"मग नर्स."

"हो, पण…"

"त्याचं असं आहे बघा, आमच्याकडे डॉक्टरांना पांढरा कोट आणि नर्सना निळा. तुम्हाला कुठला देऊ?"

"कुठलाही द्या हो. काम द्या."

साहेब हसले. मनानं वाईट नव्हते. "मॅडम, कोट ठरल्याशिवाय जेवायला कुठल्या खोलीत बसायचं तेसुद्धा ठरत नाही इथे."

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट तुम्ही बघणार, मग मी काय करू? पट्ट्या बांधू?" तिसऱ्या ठिकाणी तिथल्या जुन्या नर्सनं मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "या गं, अर्धी डॉक्टर आली बघा!" ना इकडची ना तिकडची, अशी टाचणी बसथांब्यावर उभी राहायची. थांब्यावर बाक रिकामा असला तरी उभीच.

घरात तिघं. ती, तिची धाकटी बहीण आणि बाबा. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिनं तर निदानच करून टाकलं. "ताई, तू ना, ती दोन नंबरांची काच आहेस. वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं. काच एक नंबर असते. फक्त पहिले काही दिवस गिऱ्हाईक जिन्यावरून पडतं."

"आणि दुकानदाराला शिव्या देतं," टाचणी म्हणाली.

"देतं की. पण परत आणून नाही देत."

बाबा कोर्टात शिपाई होते. साधेसुधे नव्हे, हाक मारणारे. न्यायाधीश दालनात शिरायच्या आधी "सर्वांनी उभे राहा!" अशी जी ललकारी घुमायची, ती बाबांची. आता छातीचा भाता निकामी झाला होता. पाय सुजायचे, दोन वाक्यांच्या मध्ये थांबून हवा गोळा करावी लागायची. पण आवाजाचा रुबाब तसाच. "माझ्या एका हाकेवर," ते सांगायचे, "खुनी उठायचे, दरोडेखोर उठायचे… वकील उठायचे. वकील! ज्यांना बायकोनं सांगितलं तरी… उठत नाहीत."

टाचणीनं त्यांच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबून पाहिला, खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं. "बाबा, पाणी साठतंय. औषध वाढवायला हवं."

"डॉक्टर काय म्हणतात, बघू."

"मी म्हणतेय ना."

"तू म्हणतेसच गं. पण डॉक्टर काय म्हणतात?"

धाकटी आतून ओरडली, "घ्या! घरातच दवाखाना आणि पेशंट फरार!"

सगळे हसले. टाचणीही हसली. मग बाबांचे पाय उचलून उशीवर ठेवले.

मधल्या काळात जुन्या वॉर्डाच्या मेट्रनबाईंचा निरोप आला, भेटून जा. मेट्रनबाई मायाळू. ज्या मायेतून बाहेर पडताना कपडे फाटतात, तसल्या मायाळू. समोर चहा ठेवून म्हणाल्या, "अगं, तू गेल्यापासून माझा उजवा हात मोडलाय. नव्या पोरी येतात, मोबाइलकडे बघत सुई टोचतात. परत ये. तुझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवते."

"मेट्रन, मला तपासायला मिळेल?"

"तपास की! ताप तपास, नाडी तपास, पोरींची कामं तपास. कोण अडवतंय?"

"तसं नाही. मी शिकलेय ते…"

"शिकलीस ते बरंच झालं गं. शिक्षण काही वाया जात नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि बशीतला चहा संपवून त्यांनी ते वाक्यही संपवून टाकलं.

महिना उताराला लागला आणि एका दवाखान्यातून बोलावणं आलं. कामगारवस्तीतला दवाखाना, डॉक्टर दोन, त्यातले एक सोडून गेलेले. उरलेल्यांना सगळे थोरले डॉक्टर म्हणत. तेच फोनवर होते. "मला नर्स प्रॅक्टिशनरच हवी आहे. ते म्हणजे काय हे मला माहीत आहे, सांगत बसू नका. शनिवारी सकाळी या, खोलीत बसा, पेशंट बघा. मी मधूनच डोकावेन. मुलाखत वगैरे काही नाही, तेच काय ते."

फोन ठेवून टाचणी बाबांच्या गादीशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, घात होणार."

"का? येत नाही का काही?"

"सगळं येतं. पण ते डोकावतील तेव्हा मी उठेन."

"मग?"

"मग काय! खुर्ची सोडून उठले की ते बसतील. ते बसले की पेशंट त्यांच्याकडे वळेल. पेशंट वळला की मी कागद द्यायला, पडदा ओढायला. सगळं आपोआप होतं, बाबा. मला कळायच्या आत होतं."

बाबांचे डोळे चमकले. आजारपणात इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांच्या धंद्यातला प्रश्न विचारला होता. "हात्तिच्या! जन्मभर लोकांना उठवलं… आता एकीला बसवू. आण ती खुर्ची!"

आणि तालीम सुरू झाली. खोलीच्या मधोमध हाताची खुर्ची, तीत टाचणी. समोर स्टुलावर पेशंट म्हणून धाकटी. बाबा स्वयंपाकघराच्या दारामागे, डॉक्टर म्हणून.

"अहो बाई, माझ्या पोटात दुखतंय," धाकटी कण्हली. "जेवणानंतर दुखतं, जेवणाआधी दुखतं आणि ताईनं भांडी घासायला सांगितली की फारच दुखतं."

"जीभ दाखवा," टाचणी म्हणाली. "अरेरे. लांबच आहे."

दार उघडलं. बाबा आत आले, पाठीवर हात बांधून, हनुवटी वर. टाचणी उभी.

"उठलीस!"

"उठले."

"पुन्हा!"

पुन्हा दार, पुन्हा बाबा, पुन्हा ती उभी. बाबांनी चपला बदलून पाहिल्या. खोकून पाहिलं. न खोकता पाहिलं. धाकटीनं ताईला चक्क कमरेच्या पट्ट्यानं खुर्चीला बांधलं, तर टाचणी खुर्चीसकट उठली. धाकटी हसून हसून जमिनीवर लोळली. बाबा दाराला टेकून हसले, मग खोकले, मग खोकतच राहिले, आणि टाचणी पट्टा सोडून त्यांच्याकडे धावली.

"जित्याची खोड," धाकटी डोळे पुसत म्हणाली.

"मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माहीत आहे," टाचणी म्हणाली. "पण शनिवारच्या आत मरता येणार नाही."

उपाय बाबांनीच काढला. "खुर्चीचा हात घट्ट धर. आणि मनात म्हण, उठायचं नाही. कोर्टात एक आरोपी होता… न्यायाधीशाला उठायचा नाही. दोन शिपाई खेचायचे, तरी नाही. मी विचारलं त्याला, जमतं कसं? म्हणाला, काका, खुर्ची धरायची… आणि आपण जड आहोत असं समजायचं."

"त्याला काय शिक्षा झाली?"

"ते नको विचारूस."

शुक्रवारपर्यंत ती बसायला शिकली. बाबा आत यायचे, तिचे गुडघे थरथरायचे, बोटं लाकडावर पांढरी पडायची, पण बूड हलायचं नाही. धाकटीनं टाळ्या वाजवल्या. बाबा दमून गादीवर आडवे झाले, पण बोटानं हवेत बरोबरची खूण केली.

दवाखान्यातली ती खोली लहानशी होती. तपासायचं बाकडं, त्यावर कागदाची गुंडाळी, कोपरानं उघडायचा नळ, भिंतीवर कानाच्या आतलं चित्र. आणि गोल फिरणारी खुर्ची, डाव्या हाताचं रेक्झिन फाटलेलं, वर चिकटपट्टी. टाचणीनं आधी खुर्चीच्या दोन्ही हातांना हात लावून पाहिला, नवी गाडी घेणारा चाकांना लावतो तसा. मग बसली. आत जड, आणखी जड.

सकाळ सुरेख गेली. कान ठणकणारी एक मुलगी आणि तिची काळजीनं अर्धी झालेली आजी. पायाला गंजका खिळा लागलेला सुतार. मग आली बसवाली. शाळेची बस चालवणारी, ऐसपैस, खणखणीत, खोलीत शिरली की खोली लहान वाटावी अशी.

"बाई, हा खोकला बघा हो. दोन महिने झाले. कफ नाही, ताप नाही, नुसता खाकखूक. पोरं मागून ओरडतात, खोकू नका, बस हलते!"

टाचणी हसली. छाती पुढून ऐकली, मागून ऐकली. वजन विचारलं, भूक विचारली, सिगारेटचं विचारलं. "आणि गोळ्या कुठल्या घेता?"

"रक्तदाबाची एक. आधी दुसरी होती. इथल्याच थोरल्या डॉक्टरांनी बदलून ही दिली."

"ही कधीपासून?"

बसवालीनं आठवायला वर पाहिलं आणि उत्तर देतादेताच थांबली. "खोकल्याच्या जरा आधीपासून."

"तेच. ह्या जातीच्या गोळीनं काही जणांना असाच कोरडा खोकला येतो. छाती स्वच्छ आहे तुमची. गोळी बदलू या. काही आठवड्यांत थांबेल."

बसवालीनं दाराकडे एकदा बघून घेतलं. मग तिच्या मानानं फारच हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ते नाही ना? आमची आई खोकून खोकूनच गेली. मी घरी कुणाला बोलले नाही. म्हटलं, बस काढून घेतील."

"ते नाही," टाचणी म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी टणक होतं. ते तिला स्वतःलाच नवीन होतं. हाच तो आवाज, तिला वाटलं. म्हातारबाबांच्या वेळी नसलेला.

तेवढ्यात दार उघडलं.

बूट अनोळखी होते, त्यामुळे आधी कळलं नाही. थोरले डॉक्टर आत आले, उंच, दमलेले, चष्मा कपाळावर. टाचणीच्या गुडघ्यांत कळ उठली. तिनं चिकटपट्टीवर नखं रोवली. उठायचं नाही. घामाचा एक थेंब कानामागून मानेवर उतरला. उठायचं नाही. आणि ती उठली नाही! डॉक्टर उभे, ती बसलेली. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा.

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोरडा खोकला, सर. दोन महिने. छाती स्वच्छ आहे."

"हं. फोटो काढून घेऊ छातीचा. आणि ते नवीन सिरप द्या आठवडाभर. ठीक?"

"हो सर."

शब्द गेलासुद्धा. तिनं तो जाताना पाहिला. जिन्यावर बूट वाजावेत आणि गुडघे उठावेत, तसा. मध्ये डोक्याला कुणी विचारलंच नाही.

बसवालीनं तिच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे, मग परत तिच्याकडे. "आणि ती गोळी?"

डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर होता. "कुठली गोळी?"

आता फक्त सांगायचं होतं. विचारलंही होतं त्यांनी! म्हातारबाबांच्या वेळी निदान कुणी विचारलं तरी नव्हतं. सर, ही गोळी, हा खोकला. पाच शब्द. पण गोळी लिहिणारे तेच, आणि ते उभे, दमलेले, घाईत. टाचणी खुर्चीत रुतून बसली होती, बोटं पांढरी, पाठ ताठ, अगदी शिकवल्यासारखी. आणि तोंडातून आलं, "काही नाही सर. चालूच ठेवायची आहे."

डॉक्टर मान हलवून निघून गेले.

"अहो, पण आत्ता तुम्हीच तर…" बसवाली म्हणाली.

"डॉक्टर म्हणालेत ना," टाचणी म्हणाली.

बसवाली उठली. पिशवी उचलली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एकदा टाचणीकडे असं पाहिलं, जसं रस्ता विचारल्यावर आत्मविश्वासानं चुकीकडे बोट दाखवणाऱ्या माणसाकडे आपण पाहतो.

रांग संपल्यावर थोरल्या डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. "बसा," म्हणाले. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"त्या बसवाल्या बाई बाहेर मला अडवून उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं. बदलली मी गोळी."

ती कडेवरून आणखी पुढे सरकली. "सर, तुम्ही परीक्षा बघत होतात का?"

"छे हो! परीक्षा असती तर बरं वाटलं असतं मलाच. खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. मीच लिहिलेली गोळी, आणि मलाच दिसली नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ही रांग बघितलीत ना? मी चुकतो. रोज कुठेतरी चुकत असणार. ते मला सांगणारं माणूस हवं होतं. हो म्हणायला काय, काउंटरवरची आहे, औषधवाला आहे. बायको सोडली तर सगळं जग मला हो म्हणतं."

ती हसायचा प्रयत्न करू लागली. ते हसले नाहीत.

"तुम्हाला येतं सगळं. म्हणून जास्त वाईट वाटतंय. येत नसतं तर शिकवलं असतं. पण मी नसेन तेव्हा कुणी ठाम आवाजात तुम्हाला चुकीचं सांगितलं, तर तुम्ही हो म्हणाल. आणि पेशंट घरी जाईल. दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागेल मला."

"हो सर," टाचणी म्हणाली. आणि उठली.

घरी बाबा खिडकीशी वाट बघत होते. ती चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "उठलीस?"

"नाही बाबा. बसूनच होते."

"शाब्बास!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, इतक्या जोरात की धाप लागली. "बघ! सांगितलं नव्हतं… जड समजायचं! मग, कधीपासून?"

"कळवतील."

धाकटी मोरीच्या दारात उभी होती. तिनं ताईच्या तोंडाकडे बघितलं. नुसतं जेवायला वाढलं, आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

महिनाअखेर आली. कळवणारं कुणी नव्हतं. टाचणी मेट्रनबाईंकडे गेली. मेट्रनबाईंनी निळा कोट काढून दिला, जुनाच, खिशाला तिनंच घातलेली टीप. "तोवर म्हणून ये," त्या म्हणाल्या. "तोवर" हा शब्द त्यांनी तोवरच वापरला. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पाळ्यांच्या तक्त्यावर होतं, आणि बूट जिन्यावर वाजले की सगळ्यांत आधी उठणारी तीच होती. नव्या पोरी तिच्याकडे बघून उठायच्या.

एके संध्याकाळी सुटल्यावर ती थांब्यावर उभी होती. चौकातल्या लाल दिव्याला शाळेची रिकामी बस येऊन थांबली आणि वरून हाक आली.

"अहो! खोकल्याच्या बाई!"

बसवाली खिडकीतून अर्धी बाहेर. "गेला हो खोकला! गोळीच होती ती. तुम्ही म्हणालात तेच!"

"बरं झालं."

"त्या दवाखान्यात दिसला नाहीत नंतर."

"मी मोठ्या इस्पितळात असते आता."

"मग बढती म्हणायची!" बसवालीनं निळ्या कोटाकडे पाहिलं. तिचा चेहरा जरा बदलला. "एक विचारू का? रागावू नका हं. तुम्हाला माहीत होतं ना त्या दिवशी? मग हो का म्हणालात?"

टाचणीनं कोटाच्या खिशावरची टीप बोटानं चाचपली. 

"नाही, मी आपलं घरी जाऊन विचार करत बसले," बसवाली म्हणाली. "मी काही गप्प राहणाऱ्यातली नाही, म्हणून बोलले डॉक्टरांना. पण एखादी गरीब गाय असती तर?"

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. "येते हो!" म्हणत बसवालीनं गियर टाकला आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली. न खोकता.

एखादी गरीब गाय असती तर. एखादे म्हातारबाबा असते तर. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी टाचणी दांडीला धरून उभीच राहिली.

घरी आल्यावर तिनं बाबांना सगळं सांगून टाकलं. पाटावर बसून, त्यांच्या पायांकडे बघत, सुरुवातीपासून. बाबा ऐकत राहिले. न्यायाधीश निकाल वाचताना दाराशी उभं राहून ऐकत असतील तसे. मध्ये एकदाही हवेसाठी थांबले नाहीत, कारण बोललेच नाहीत.

शेवटी म्हणाले, "मग त्याची तालीम… का नाही केली आपण?"

"मला वाटलं, खुर्चीचीच भानगड आहे."

"मलाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी जन्मभर उठवलं लोकांना. ते बसून आत काय करतात… ते कधी बघितलं नाही. दार लावून घ्यायचे ना." मग गादीवर सावरून बसले, हनुवटी वर केली. "चल. मी डॉक्टर. मी चुकीचं सांगणार. तू नाही म्हणायचं. दोन आणि दोन पाच!"

"नाही, बाबा."

"बाबा नाही! डॉक्टर आहे मी. सर म्हण."

टाचणीनं ओठ ओले केले. बाबांच्या मागे भिंतीवर धाकटीच्या दुकानातलं कॅलेंडर हलत होतं.

"सर…" ती म्हणाली आणि थांबली.

"पुढे."

"सर, तुम्हाला पाच वाटत असेल तर…"

"अगं!"

आतून धाकटीचा आवाज आला, "ताई, निदान साडेचार तरी म्हण!"

बाबा हसले, आणि हसू खोकल्यात बुडालं. टाचणीनं त्यांना पुढे वाकवलं, पाठीवरून हात फिरवला, उशी उंच केली. पायाचा खड्डा आता पहिल्यापेक्षा खोल राहत होता. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. या वेळी बाबांनी वाद घातला नाही. खोकला ओसरला तसे ते उशीला टेकले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं, हनुवटी अजून डॉक्टरांसारखी वर.

तिनं उभ्याउभ्याच त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग आत धाकटीला ऐकू जाणार नाही, अशा बेतानं म्हणाली, "नाही, सर."

आलं की. कुठे काही कोसळलं नाही. बाबांचा श्वास चालू होता, कॅलेंडर हलत होतं.

आणि मग, गुडघ्यांनी उठावं तसं, जिभेनं आपणहून पुढचं म्हटलं.

"सॉरी, सर."